कुंडी क्रमांक तीन

रविवार, १० ऑगस्ट २०२५

आलो एकदाचा काळाचौकीत! गिरगावातला माझा सारा संसार एका टेम्पोत मावला, आणि त्यातलीही निम्मी जागा तीन कुंड्यांनी खाल्ली. टेम्पोवाला म्हणाला, साहेब, एवढं मांडीवर घेऊन बसताय, तर निदान गुलाब तरी न्यायचा. त्याला कारवी म्हणजे काय ते लालबागच्या सिग्नलपर्यंत समजावलं. सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, म्हणजे कुडाची काठी! चूक म्हणता येत नाही. कोकणात कारवीच्या काठ्यांनीच भिंती विणतात.

जिन्याच्या पायऱ्या चौपन्न. चाळीत बिऱ्हाडं चौऱ्याऐंशी (पाट्या मोजल्या). आमचं तिसऱ्या मजल्यावर, कोपऱ्यातलं, दोन खोल्यांचं. आतल्या खोलीत घरमालकीण मीराबाई, वय चौऱ्याहत्तर, मालवणकडच्या, नवरा गिरणीत होता; आणि त्यांची मुलगी अंबिका, वय अडतीस, दादरला चष्म्याच्या दुकानात नोकरीला. बाहेरची खोली माझी. उत्तरेची खिडकी, ऊन नाही, ओल भरपूर. कुणीही नाक मुरडेल अशी खोली, आणि मी ती नेमकी त्याचसाठी घेतली.

मीराबाईंची नजर अधू आहे. त्यांनी कुंड्या हातांनी चाचपल्या, कारवीचं पान कुस्करून हुंगलं आणि म्हणाल्या, "ह्यां तर आमच्या परड्यामागचां रान." मग गुळाचा चहा. बरं घर मिळालं. पन्नाशीनंतर, रोजची दगदग सोसून झाल्यावर, माणसाला एवढं पुरतं.

मंगळवार, १२ ऑगस्ट

नोंद तपशिलाने करतो, कारण पुढे कुणीतरी विचारेल.

'ऐती' हे डोंगरातल्या लोकांनी ठेवलेलं नाव. पान नाही, अंगात हिरवा कण नाही. कारवीच्या मुळाला तोंड लावून आयतं जेवते आणि कित्येक वर्षांनी एकदा जमिनीतून थेट फूल वर काढते. डोंगरातल्या एकाच उतारावरच्या रानात ती उरली होती. दोन वर्षांपूर्वी तो उतार दरडीखाली गेला. मागे राहिली ती परळच्या एका संस्थेतल्या फ्रिजमधली बियांची एक पुडी. रानाबाहेर ऐती आजवर कुणी फुलवलेली नाही. संस्थेतल्या पदवीधरांनी दोनदा करून पाहिलं.

मी पदवीधर नाही. रंगाच्या कंपनीत सव्वीस वर्षं स्टोअरकीपर होतो. रविवार डोंगरात गेले, एकोणीस वह्या भरल्या. संस्थेतल्या इरावती मॅडमना मी त्यांच्या एका लेखातल्या अकरा चुका लिहून पाठवल्या, तिथून आमची ओळख. नऊ त्यांनी मान्य केल्या. उरलेल्या दोनही चुकाच आहेत. गेल्या महिन्यात त्या म्हणाल्या की जयवंतराव, तुम्ही फार बोलता; ही शेवटची पुडी, आता करून दाखवा. हसत म्हणाल्या, पण पुडी दिली.

बी म्हणजे निव्वळ धूळ. आज दारं-खिडक्या लावून, पंखा बंद करून, कुंडी एक आणि दोनमधली मुळं उघडी केली आणि त्यांवर पेरलं. तीन नंबर कोरी ठेवली, तुलनेसाठी. मधेच अंबिकाने चावीने दार उघडलं आणि गॅलरीतला वारा सरळ टेबलावरून गेला. मी ओरडलो. ती म्हणाली, "काका, माझ्याच घरात शिरायला आता अर्ज करू का?" मीराबाई आतून हसल्या. पुडीतलं थोडं बी उडालं. किती, ते सांगता येत नाही, म्हणून तसं लिहून ठेवतो.

शनिवार, ३० ऑगस्ट

अठरा दिवस झाले. काही नाही, एवढ्यात अपेक्षाही नाही. किती पाणी उडून जातं ते कळावं म्हणून रोज कुंड्यांचं वजन करतो. जुन्या बाजारातला शंभर किलोचा तराजू माझ्याकडे आहे. अंबिका त्याला 'काकांचं देवघर' म्हणते.

उद्या गौर यायची. मीराबाईंचा गणपती गावी दिराकडे असतो; इथे फक्त गौर, तेरड्याची. अंबिका दुकानातून सुटल्यावर लालबागच्या बाजारातून जुडी घेऊन आली. मीराबाईंनी बुंधे चाचपले आणि जुडी खाली ठेवली. कापलेली होती. "मूळ नाय ती गवर कसली? घरात उभी तरी कशी ऱ्हवतली?" अंबिका म्हणाली की आई, बाजारात सगळ्या अशाच आहेत, आणि चौपन्न पायऱ्या आता मी पुन्हा उतरणार नाही. दोघींनी तोंडं फिरवली.

मी मधे पडायला नको होतं. पण झाडाचा विषय निघाला की मला राहवत नाही. मी सांगितलं की मूळच हवं असेल तर रानातलं, मुळासकट झाड घरातच आहे. तीन नंबर. कोरीच आहे, तीन दिवस तुमची गौर, मग परत माझ्या टेबलावर, तुम्ही नुसती फांदी पाठवा. मीराबाई म्हणाल्या की फांदीबिंदी नाही, आलेली ती गेली पाहिजे. मी म्हटलं बरं, घ्या. कारवी काय, पुन्हा आणता येते. मीराबाईंनी माझ्या तोंडावरून हात फिरवला. खरं सांगायचं तर मला ते आवडलं.

रविवार, ३१ ऑगस्ट

उंबऱ्यावर भाकरतुकडा ओवाळून टाकला. दारापासून कुंकवाची पावलं काढली, माझ्या खाटेजवळून आतल्या खोलीत, मीराबाईंच्या पलंगापाशी, अंबिकाच्या गादीपाशी, ओट्याशी. एकूण अकरा. अंबिकाने कुंडी कडेवर घेतली आणि प्रत्येक पावलाशी थांबली. मीराबाई विचारायच्या, "हयसर काय आसा?" अंबिका सांगायची, "धान्य आसा. पाणी आसा. माणसां आसत." मग मीराबाई कारवीला म्हणायच्या, "सगळां तुजांच. खा, पी, ऱ्हव."

असं अकरा वेळा. माझ्या खाटेशीही.

मला म्हणाल्या की झाड तुझ्या घरचं, म्हणजे तू हिचा भाऊ. "तिसऱ्या दिसाक तूच तिका पोचव." एकट्या माणसाला या वयात बहीण मिळाली म्हणून अंबिकाने मला चिडवलं.

सोमवार, १ सप्टेंबर

गौरीला तिखटाचा नैवेद्य. कोंबडी-वडे. मी पाच वडे खाल्ले. कुंडीपुढे ठेवलेल्या वाटीतला रस्सा संध्याकाळपर्यंत पार आटला होता. उकाडा फार.

मंगळवार, २ सप्टेंबर

सकाळी सहा वीस. तीन नंबरच्या बुंध्याशी माती फुटून कोंब वर आला आहे. फिकट, करंगळीच्या टोकाएवढा. उंची अकरा मिलिमीटर. कारवीचा असा कोंब नसतो. ऐती आहे. ज्या कुंडीत पेरलीच नाही त्या कुंडीत. त्या दिवशीचा वारा, दुसरं काय! पण ज्याला वर्षं लागतात ते एकविसाव्या दिवशी?

आणि आज दुपारी गौर पाठवायची.

मी केलं ते जसं केलं तसं लिहितो. बाजारातली कापलेली तेरड्याची जुडी मोरीतल्या बादलीत पडून होती. अंबिका दुकानात गेली होती. जुडीला मी गौरीचा खण गुंडाळला. मीराबाईंनी तिची ओटी भरली, दहीभात दिला, डोळ्यांना पदर लावला. त्यांनी बुंधे चाचपू नयेत म्हणून मी घाई केली. मंडळाची गाडी निघते आहे म्हटलं. खाली जाऊन जुडी गाडीवर दिली. तीन नंबर माझ्या कपाटामागे होती.

वर आल्यावर त्यांनी विचारलं, पोचवली? मी म्हटलं, पोचवली. अंबिकालाही तेच सांगितलं. कपाटामागून काढून टेबलावर ठेवलेल्या कुंडीत नवी कारवी लावली म्हटलं. कुंडी माझी, झाड माझं. जगातली एकुलती एक ऐती पाण्यात सोडायची का? कुणीही शहाणा माणूस हेच करेल.

सोमवार, ८ सप्टेंबर

फूल पूर्ण उघडलं. उंची सत्तेचाळीस मिलिमीटर. बाहेरून मेणासारखं, आतून ओठाच्या आतल्या बाजूसारखं गुलाबी. वास भिजवलेल्या तांदळाचा.

इरावती मॅडम आल्या. धापा टाकत कुंडीसमोर फरशीवर बसल्या त्या बसल्याच. मग म्हणाल्या की शोधनिबंधावर तुमचं नाव पहिलं येईल, माझं दुसरं. सव्वीस वर्षं मी रंगाच्या पिंपांवर नंबर टाकले. हे वाक्य ऐकायला थांबलो होतो असं आता वाटतं.

त्यांनी बजावलं की एकच फूल आहे, एकच बोंड धरेल. त्यातलं बी हातात आलं तर जात वाचली, नाहीतर संपली. तोवर कुंडी हलवायची नाही, सगळं तुमच्यावर. जाताना उंबऱ्यात दोनदा जांभई दिली. "तुमच्याकडे एवढी झोप का येते हो, जयवंतराव?"

शुक्रवार, १२ सप्टेंबर

थकवा. वय म्हणावं, तर अंबिकाचं काय? दुकानातून आली ती चपला न काढता माझ्याच खाटेवर बसली आणि बसल्याबसल्या झोपली. जिना म्हणे मधेच कुणी वाढवला. मी मोजून आलो. चौपन्नच आहेत. पण वाटेत दोनदा बसावं लागलं.

मीराबाई दिवसभर पडून असतात. चहा मी करतो. अंबिका म्हणते की सणाची दगदग. सण होऊन दहा दिवस झाले.

सोमवार, १५ सप्टेंबर

फूल गळलं, बोंड धरलं. हरभऱ्याएवढं.

एक गोष्ट नियमात बसत नाही. ऐती पोसणारी कारवी सुकायला हवी. पानं पिवळी पडायला हवीत. तीन नंबर हिरवीगार आहे. ऐती तिच्याकडून काहीच घेत नाहीये.

कुंडीचं वजन २ तारखेला अकरा किलो अडीचशे. आज पंधरा किलो नऊशे. पाणी मी मोजून घालतो. पाण्याने एवढं वाढत नाही. माझं वजन दोन किलो चारशेने उतरलंय. गंमत म्हणून अंबिकालाही तराजूवर उभं केलं. ती तिचं जुनं वजन सांगून हसली, काका, डाएट न करता!

बेरीज करायला घेतली. केली नाही.

गुरुवार, १८ सप्टेंबर

कुंडीच्या तळाच्या भोकातून धागे निघालेत. पांढरे, शिवणाच्या दोऱ्याएवढे. टेबलाच्या पायावरून उतरून लाद्यांच्या सांध्यातून आत गेलेत. एकाची लांबी सात फूट चार इंच. मीराबाईंच्या पलंगाच्या पायथ्याशी संपतो. दुसरा अंबिकाच्या गादीपाशी. तिसरा माझ्या खाटेकडे.

मधे वळणं घेतात, सरळ जात नाहीत. वळणं ओळखीची वाटली म्हणून खडूने खुणा केल्या. जिथे जिथे वळतात तिथे तिथे कुंकवाचं पाऊल होतं. अकराच्या अकरा.

कापले तर बोंड मरेल. कापले नाहीत. मीराबाईंचा पलंग दोन हात सरकवला. ऊन लागतं म्हटलं. या घरात ऊन येत नाही.

शनिवार, २० सप्टेंबर

धागा वळून पलंगाशी गेला आहे.

मीराबाईंनी दुपारी मला जवळ बोलावलं. आवाज इतका बारीक की कान तोंडाशी न्यावा लागला. म्हणाल्या की डोळा लागला की पायाशी कुणीतरी बाई बसते. त्रास देत नाही. आपल्या घरात बसावं तशी बसते. मग विचारलं, "जयवंता, खरां सांग. गवर पोचवलंस मां?"

मी म्हटलं, पोचवली.

"मगे ही कोण?"

मी चहा करायला उठलो.

रविवार, २१ सप्टेंबर

कुंडी संस्थेत नेऊन ठेवायची ठरवलं. बोंडाचं काय व्हायचं ते होवो. धागे फरशीपासून सोडवले. उंबऱ्यापर्यंत नेली. उंबऱ्यावर बोंड देठासकट मान टाकून लोंबलं. एक मिनिट वीस सेकंद. देठ काळा पडायला लागला.

परत आणली. तासाभरात ताठ.

मॅडमना फोनवर एवढंच सांगितलं की हलवणं शक्य नाही. त्या म्हणाल्या, मी म्हटलंच होतं. आठ-दहा दिवस, जयवंतराव. फक्त आठ-दहा दिवस.

मंगळवार, २३ सप्टेंबर

अंबिका दुकानात कोसळली. डॉक्टरने रक्त तपासलं, सगळं व्यवस्थित. त्याने विचारलं म्हणे, घरी कामं फार पडतात का?

दोघींना नायगावला मीराबाईंच्या बहिणीकडे पाठवलं. भिंतीला ओल आहे, औषध मारायचंय, असं सांगितलं. मीराबाईंना खुर्चीत बसवून चौघांनी उतरवलं. एकाने हलकेच म्हटलं, आजीत काही उरलंच नाही रे, नुसतं लुगडं उचलल्यासारखं वाटतंय.

आता घरात मी एकटा.

आतल्या खोलीतले धागे संध्याकाळीच मागे फिरले. सगळे माझ्या खाटेकडे—

गुरुवार, २५ सप्टेंबर

अंबिकाचा फोन. आवाज खणखणीत. आईने दोन भाकऱ्या खाल्ल्या, मावशीशी भांडलीसुद्धा! म्हणाली, काका, तुम्हीही या, त्या ओलीत मराल.

म्हणजे तेच. शंकाच नाही.

माझं वजन एकावन्न. आलो तेव्हा अडुसष्ट होतो. बोंड बोराएवढं, तपकिरी पडतंय. पाच दिवस, फार तर सहा. दिवसाला दीड किलो धरलं तरी पुरतो. हिशेब बसतो.

त्या दोघी सुटल्या. जात वाचेल. माणूस एक जाईल फार तर, आणि तोही—

नाव पहिलं येईल.

शनिवार, २७ सप्टेंबर

फोन करून सांगितलं. सगळं. जुडी, खण, बादली. अंबिकाने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "काका, माझ्या आईला मारायला निघाला होतात, एका फुलासाठी?"

मीराबाई रागावल्या नाहीत. ते जास्त लागलं. म्हणाल्या की ती वाईट नाही. तिला ऱ्हव म्हटलं, ती राहिली. तिला जा कुणी म्हटलंच नाही. भावाला जमत नाही, तर मी येते. जिने या म्हटलं तिनेच जा म्हणायचं असतं. सोमवारी दोघी येतो.

मी म्हटलं बुधवारी या. बुधवारपर्यंत बी—

"नाय. सोमवारी."

रविवार

उठवत नाही. वही छातीवर ठेवून लिहितो.

धागे खाटेवर आलेत. दुखत नाही. कुणीतरी पाय चेपल्यासारखं.

पायाशी बसली आहे. बघत नाही तिच्याकडे. ती पण बघत नाही. बोंडाकडे बघते.

सोमवार, २९

बोंडाला चीर.

दोन दिवस आधी. धूळ दिसते आत. पिवळट. एका बोंडात चाळीस हजार तरी—रानात असताना मोजलं होतं मॅडमनी. म्हटलं होतं वाऱ्यावर जातं. लांब जातं.

वर तांब्या पालथा घालायला हवा. तांब्या हाताशी आहे. उचलत नाही.

खिडकी बंद. पंखा बंद. हवा हलत नाही तोवर ठीक. काही हललं नाही पाहिजे.

आता समजतंय. रानात कारवी होती, म्हणून कारवी. इथे खा, पी, ऱ्हव म्हटलं. कारवीला नाही म्हटलं. तिला म्हटलं. माणसां आसत म्हटलं—

तिचं बी माणसांसाठी.

चौऱ्याऐंशी बिऱ्हाडं.

नाव नको. मॅडम, नाव नको, कुणीतरी ओला फडका टाका याच्यावर, सावकाश, श्वास धरून—

जिन्यावर आवाज. मीराबाई. पायरी मोजत चढताहेत. मीच शिकवलं त्यांना मोजायला. एकेचाळीस. बेचाळीस. आवाज चांगला झालाय त्यांचा.

ओरडतो आहे. आवाज निघत नाही.

पान फाडून दाराखाली सरकवतो. दार सहा फुटांवर. सहा फूट.

अंबिका, चावी लावू नकोस. दार उघडू नकोस. मागच्या वेळी वारा सरळ टेबलावरून—

त्रेपन्न

किल्ल्या वाजताहेत—अंबिका, अर्ज कर आधी, अर्ज